एवढंच लिहिलंय

परीक्षा जवळ आली म्हणून वरच्या मजल्यावरच्या मुलीनं मला तिचं व्हायोलिन ऐकायला बोलावलं. ती पाश्चात्त्य पद्धतीनं शिकते. उभं राहायचं, वाद्य हनुवटीखाली, समोर स्टँडवर कागद. मी शिकले ती रीत निराळी. मांडी घालून बसायचं, वाद्याचा शेंडा उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवायचा आणि गुरुजी गातील ते तारेवर काढायचा प्रयत्न करायचा. तिनं कोरेल्ली या जुन्या इटालियन रचनाकाराच्या पाचव्या ओपसमधला, म्हणजे पाचव्या छापील संग्रहातला, तिसरा सोनाटा काढला, सी मेजरमधला, आणि त्याचा पहिला संथ भाग, म्हणजे अदाजिओ, वाजवून दाखवला. सुरेल होतं. गज घोडीला समांतर चालत होता, लय कुठं हलली नाही. पण लांबलांब स्वर एकामागून एक यायचे, उभे राहायचे आणि जायचे. त्यांचं एकमेकांशी काही नातं आहे असं वाटेना. मी विचारलं, "एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधे काहीच का करत नाहीस गं?" तिनं गजाच्या टोकानं कागद दाखवला. "काकू, एवढंच लिहिलंय."

तिचं म्हणणं खरं होतं. परीक्षकही तेवढंच मागणार. मी घरी आले, कामाला लागले, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

कारण ज्या माणसानं ते लिहिलं, तो स्वतः तेवढंच वाजवत नव्हता. आर्कांजेलो कोरेल्लीचा पाचवा ओपस रोममध्ये १ जानेवारी १७०० या तारखेनं प्रसिद्ध झाला. बारा सोनाटा, त्यांतला शेवटचा म्हणजे 'फोलिया' या जुन्या चालीवरची रूपं. हा माणूस लिहिण्याच्या बाबतीत फार काटेकोर. उभ्या आयुष्यात छापायला दिले ते सहाच ओपस, प्रत्येकात बारा रचना, आणि सहावा तर तो गेल्यावर १७१४ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला. इतकं घासूनपुसून छापणाऱ्या माणसानं संथ भाग मात्र उघडेबोडके ठेवले. वर व्हायोलिनसाठी मोजके दीर्घ स्वर, खाली खर्जाची ओळ आणि तिच्यावर साथीचे स्वर सुचवणारे आकडे. जाणकारानं पान उघडावं आणि बाकीचं आपल्या हातानं भरावं, अशीच तेव्हाची रीत होती. तो अपुरेपणा नव्हता, वाजवणाऱ्यावरचा विश्वास होता. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत बंदिश छापलेली असते, तिचे दोन-चार आवर्तनांचे स्वर असतात. ते तेवढेच गाऊन कुणी उठला तर त्यानं राग गायला असं कुणी म्हणत नाही. बढत, म्हणजे रागाचा विस्तार, कागदावर नसते, हे आपण लहानपणापासून धरून चालतो. कोरेल्लीच्या अदाजिओचंही तसंच होतं. फरक इतकाच की आपल्याकडे ती बढत करणारे गळे अजून आहेत, घराघरांतून ती पुढं आलेली आहे. तिथं मधे दोन-अडीचशे वर्षांचा खंड पडला.

कोरेल्ली नेमकं काय भरत असेल, हा प्रश्न त्याच्या हयातीतच लोकांना पडला होता. १७१० मध्ये ॲमस्टरडॅमचा प्रकाशक एतिएन रोजे यानं याच ओपसची नवी आवृत्ती काढली आणि पहिल्या सहा सोनाटांच्या संथ भागांवर आणखी एक ओळ छापली. स्वतः कोरेल्ली वाजवतो तशी ही सजावट आहे, असं त्यानं म्हटलं. ते पान बघण्यासारखं आहे. खालच्या ओळीत दोनच स्वर, शांत बसलेले. आणि वर त्याच जागेत वीस-पंचवीस बारीक स्वरांची झुंबड: वर चढणारी तान, मधे एक घसरगुंडी, मग कंप, मग पुन्हा खाली येऊन नेमक्या वेळी मूळ स्वरावर टेकणं. मी ती ओळ माझ्या पद्धतीनं, बसून, हळूहळू वाजवून पाहिली. दोन स्वरांमधल्या मोकळ्या जागेत माणूस किती दूर जाऊन येऊ शकतो हे बोटांना आधी कळलं. काही जागा तर थेट ओळखीच्या वाटल्या. स्वराला खालून स्पर्श करून वर येणं, पुढचा स्वर दाखवून परत फिरणं, ही आपल्याकडची रोजची कामं. तरी एक गोष्ट खटकत राहिली. ही सगळी नक्षी छापून टाकली की तीही पुन्हा तेवढीच लिहिलेली होऊन बसते. दुसऱ्या दिवशी तो तेच वाजवत असेल? मला नाही वाटत.

या आवृत्तीवर तेव्हाच शंका घेतल्या गेल्या. रॉजर नॉर्थ नावाचा इंग्रज वकील संगीतावर मनापासून लिहायचा. त्यानं ती छापील सजावट पाहिली आणि म्हटलं की एवढ्या मोठ्या उस्तादाच्या कामात ही एवढी कीड शिरली तरी कशी. किती तळमळीनं लिहिलंय ते! आज अभ्यासक त्या ओळीबद्दल बरेच सौम्य आहेत. ती कोरेल्लीची असू शकते, निदान त्याच्या जवळच्या वर्तुळातली तरी असावी, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला मात्र नॉर्थचा राग आवडतो. त्याला मूळ स्वर इतके प्रिय होते की त्यांच्यावरचं परक्या हाताचं काहीही त्याला सोसवेना.

कोरेल्लीला वाजवताना पाहिलेल्या कुणाची तरी साक्ष आपल्याकडे आहे, आणि ती वाचून दर वेळी अंगावर काटा येतो. फ्रेंच आणि इटालियन संगीताची तुलना करणाऱ्या एका फ्रेंच पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १७०९ मध्ये निघालं. त्यात एक तळटीप आहे. वाजवताना आपल्या भावनांनी इतका ओढून नेला जाणारा दुसरा माणूस आपण पाहिला नाही, असं टीपकार म्हणतो. डोळे निखाऱ्यासारखे लाल होतात, चेहरा पिळवटतो, बुबुळं वेदनेनं फिरावीत तशी फिरतात. आणि हा माणूस एरवी कसा? काळे कपडे घालणारा, साधा राहणारा, मिळालेले पैसे चित्रं विकत घेण्यात घालवणारा, भांडणतंट्यापासून चार हात लांब. पुढं मोठा रचनाकार म्हणून गाजलेला हेंडेल तरुणपणी रोममध्ये आला तेव्हाची गोष्ट सांगतात. त्याच्या एका रचनेचं सुरुवातीचं वादन कोरेल्लीच्या हातून हवं तितकं जोरकस होईना. हेंडेलनं सरळ त्याच्या हातातलं व्हायोलिन ओढून घेतलं आणि कसं हवं ते वाजवून दाखवलं. वयानं बत्तीस वर्षांनी मोठा कोरेल्ली शांतपणे एवढंच म्हणाला, की हे फ्रेंच ढंगाचं आहे आणि त्यातलं मला काही कळत नाही. त्याच्या छापील पानांत तो शांत माणूस पुरता सापडतो. लाल डोळ्यांचा कुठंच नाही. तो त्या मोकळ्या जागांत होता.

वाद्यही आजचं नव्हतं. तारा आतड्याच्या, गजाची काठी बाहेरच्या बाजूला हलकी वाकलेली, मान आजच्यापेक्षा आखूड आणि कमी कललेली. हनुवटीचा टेका तर एकोणिसाव्या शतकात आला. जेमिनियानी, जो लुक्काचा होता, कोरेल्लीच्या तालमीतला आणि पुढं लंडन-डब्लिनमध्ये राहिलेला, १७५१ च्या आपल्या व्हायोलिनच्या पुस्तकात वाद्य गळपट्टीच्या हाडाच्या खाली टेकवायला सांगतो. म्हणजे डावा हात वाद्य तोलतही होता आणि त्यावर फिरतही होता. हे वाचलं तेव्हा मला आमची बैठक आठवली. वाद्याचं वजन पायावर सोपवलं की डावा हात मोकळा होतो, आणि मग तारेवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, घेता येते, ती तुटत नाही. गजाननबुवा जोशी, डी. के. दातार यांनी इथं व्हायोलिन गायला लावलं ते याच बैठकीतून. जेमिनियानीच्या माणसाला ही मोकळीक नव्हती. पण ध्येय त्यानं सांगितलंय ते ऐका: व्हायोलिनमधून असा आवाज काढायचा की तो अगदी परिपूर्ण मानवी गळ्याशी स्पर्धा करील. आमच्या गुरुजींना हे वाक्य वाचून दाखवता आलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती.

आणि मग तार्तिनी. खरं सांगायचं तर या सगळ्या मंडळींत माझा जीव याच्यावर आहे.

ज्युसेप्पे तार्तिनी, व्हायोलिनवादक आणि रचनाकार, जन्म १६९२, पिरानोचा. पादुआत विद्यार्थी असताना लग्न केलं, त्यावरून मोठा बखेडा झाला, पळाला आणि असिसीच्या मठात लपला. सैतानाच्या स्वप्नाची त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण ती लोक अर्धीच सांगतात. सैतान पलंगाच्या पायथ्याशी बसून व्हायोलिन वाजवतो आणि त्यातून तो अवघड कंपांचा सोनाटा जन्मतो, इथं गोष्ट थांबते. तार्तिनीनं म्हातारपणी लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला ती सांगितली आणि लालांदनं १७६९ मध्ये छापली, तिचा जीव पुढंच आहे. तो जागा झाला, व्हायोलिन उचललं, ऐकलेलं धरून ठेवायला धडपडला. हाताशी आलं ते त्याच्या सगळ्या रचनांत उत्तम होतं. पण ऐकलेलं आणि लिहिलेलं यांत इतकं अंतर होतं की दुसऱ्या कशावर पोट भरता आलं असतं तर व्हायोलिन फोडून संगीत कायमचं सोडलं असतं, असं तो म्हणाला. मला या गोष्टीत सैतानाचं कौतुक नाही. युरोपभरातून ज्याच्याकडं शिकायला लोक यायचे तो माणूस सत्तरी ओलांडल्यावर आपल्या सर्वांत गाजलेल्या रचनेबद्दल सांगतो की कागदावर उतरलं ते हे नव्हे. आणि तो सोनाटा त्यानं हयातीत छापलाही नाही. तो पॅरिसमध्ये निघाला १७९८ च्या सुमारास, तार्तिनी जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर.

तार्तिनीचे कान काही और होते. १७१४ मध्ये अंकोनात असताना त्याच्या लक्षात आलं की दोन तारांवर दोन स्वर एकदम आणि अगदी चोख लागले तर खाली एक तिसरा स्वर ऐकू येतो, जो कुणी वाजवलेलाच नाही. षड्ज-पंचम जोडी घेतली तर खालच्या स्वराच्याही एक सप्तक खाली. तंबोरा नीट मिळाला की स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना हे लगेच पटेल, जरी दोन्हींमागचं कारण वेगळं आहे. तंबोऱ्याचा गंधार त्याच्याच तारेतून निघतो. तार्तिनीचा तिसरा स्वर दोन कंपनसंख्यांमधल्या फरकाचा. पुढं पादुआत शिष्य तयार करताना त्यानं त्याची कसोटीच केली: दोन तारा मिळून वाजवताना खालचा स्वर ऐकू आला नाही, तर तुमची बोटं बेसूर आहेत. मी हे करून पाहिलं. रात्री, पंखा बंद करून. बोट केसभर पुढं सरकवलं आणि एकदम खोलीच्या तळातून एक गुणगुण उठली, जणू भिंतीपलीकडं कुणी तंबोरा छेडला. बोट हललं की गेली. नोटेशनमध्ये तिच्यासाठी कसली खूण असणार?

अंकोनाचा आणखी एक संबंध आहे. १७१६ मध्ये व्हेनिसला त्यानं फ्लॉरेन्सच्या वेराचिनी या व्हायोलिनवादकाला ऐकलं. वेराचिनीचा गज ऐकून तो असा हादरला की सगळं सोडून अंकोनात जाऊन बसला, गजाची विद्या मुळापासून करायला. चोविशीचा, बऱ्यापैकी वाजवणारा माणूस पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करतो. त्या एकांतात त्यानं काय केलं असेल याचा माग एका पत्रात लागतो, आणि त्या पत्रासाठी मी त्याची जन्माची ऋणी आहे.

पत्र ५ मार्च १७६० चं, पादुआहून. लिहिलंय मादालेना लोंबार्दिनीला. ती तेव्हा चौदा वर्षांची, व्हेनिसमधल्या मेंदिकांतीत राहणारी. ही व्हेनिसची धर्मादाय संस्था, मुलींना सांभाळणारी आणि उत्तम संगीत शिकवणारी. जाळीआडून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या या मुलींना ऐकायला युरोपभरातून लोक यायचे. व्हिवाल्दी हा रचनाकार शिकवायचा ती पिएता अशीच दुसरी संस्था. सदुसष्ट वर्षांचा तार्तिनी या मुलीला पत्रातून शिकवायला बसतो. आधी गज, म्हणतो. गज तारेवर इतका हलका टेकला पाहिजे की आवाजाचा आरंभ श्वासासारखा व्हावा, ठोका पडल्यासारखा नव्हे. मग दाब. मोकळी तार घे, अगदी बारीक आवाजात सुरू कर, वाढवत वाढवत पूर्ण भरात ने. खाली येतानाही, वर जातानाही. रोज तासभर तरी हे कर, पण एका बैठकीत नाही: थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी. चपळाईसाठी त्यानं तिला कोरेल्लीच्या याच पाचव्या ओपसमधले द्रुत भाग घ्यायला सांगितलेत, प्रत्येक स्वर सुटा, मधे फट ठेवून. कंप आधी संथ, मग मध्यम, मग जलद. बस. एकही मोठा शब्द नाही, प्रतिभेबद्दल, कलेबद्दल काही नाही. मोकळ्या तारेवर तासभर आवाज भरणं आणि ओसरवणं, ही आमच्याकडची षड्जसाधनाच झाली. पहिल्या वर्षी गुरुजींनी माझ्याकडून दुसरं काही करून घेतलं नव्हतं, आणि मी त्यावर कुरकुरले होते.

कागदानं काहीच टिकवलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. व्हिवाल्दीचंच बघा. १७१५ मध्ये उफेनबाख नावाच्या जर्मन प्रवाशानं व्हेनिसच्या नाटकगृहात त्याला ऐकलं आणि रोजनिशीत लिहिलं की शेवटी त्यानं असं काही उत्स्फूर्त वाजवलं की आपण दचकलो. बोटं घोडीपासून काडीभर अंतरावर, गजाला जागाच उरली नाही, आणि हे चारी तारांवर. ते वादन गेलं. पुढं व्हिवाल्दीही गेला, १७४१ मध्ये, व्हिएन्नात, गरिबीत, आणि बघता बघता विसरला गेला. त्याच्या हस्तलिखितांचे गठ्ठे १९२६ मध्ये इटलीतल्या पिएमोंतेमधल्या एका सालेशियन पंथाच्या पाद्र्यांच्या शाळेत निघाले. शाळेला पैसे हवे होते. तुरीनच्या ग्रंथालयाकडं ते घ्यायला पैसे नव्हते. अल्बेर्तो जेंतिली या प्राध्यापकानं रोबेर्तो फोआ या शेअर दलालाला गळ घातली. त्यानं ते विकत घेतले आणि नुकत्याच गेलेल्या आपल्या तान्ह्या मुलाच्या, माउरोच्या, नावानं ग्रंथालयाला दिले. संग्रहाचा उरलेला अर्धा भाग जेनोव्हात एका घराण्याकडं होता. तो १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या उद्योजकानं घेऊन दिला, तोही आपल्या गेलेल्या लहानग्या रेंझोच्या आठवणीत. आजही ते खंड फोआ आणि जोर्दानो याच नावांनी मागवावे लागतात. पुढं १९३८ चे वंशभेदी कायदे आले आणि यहुदी असलेल्या जेंतिलीचं विद्यापीठातलं पद गेलं. या दोन बापांची गोष्ट आठवली की मला छापील कागदाबद्दल काही कडवट बोलवत नाही.

मादालेनाचं पुढं काय झालं? संस्थेतून बाहेर पडायचं तर लग्न हाच वाजवत राहण्याचा रस्ता होता. १७६७ मध्ये तिनं लोदोविको सिर्मेन या व्हायोलिनवादकाशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी ती पॅरिसच्या कॉन्सेर स्पिरित्युएल या मैफलींच्या मालेत वाजवत होती आणि १७७१ मध्ये लंडनमध्ये. त्याच साली तार्तिनीचं ते पत्र चार्ल्स बर्नी या संगीताच्या इंग्रज इतिहासकारानं इंग्रजी भाषांतरासह लंडनमध्ये छापलं. तार्तिनी आदल्या वर्षी वारला होता. तिनं स्वतः कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, लिहिले, आणि मोझार्टच्या वडिलांनी १७७८ मध्ये पत्रात त्यांतल्या एकाची तारीफ केली आहे. तासन्‌तास मोकळ्या तारा भरणारी ती मुलगी खरोखरच कुठल्या कुठं पोचली. पण १७८५ मध्ये ती पुन्हा पॅरिसला वाजवायला गेली तेव्हा लोकांना तिची शैली जुनी वाटली. चाळिशीची होती ती. तिचा गज बिघडला नव्हता, ऐकणाऱ्यांची आवड बदलली होती. लांब स्वर हळूच उमलवणं, मधली जागा स्वतःच्या मनानं भरणं, हे आता कुणाला नको होतं. रचनाकारही आता सगळं लिहूनच द्यायला लागले होते.

आणि या सगळ्या काळात कोरेल्लीचा पाचवा ओपस छापला जातच होता. १८०० सालापर्यंत त्याच्या चाळीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. तो वाजवण्याची रीत मावळत गेली तरी पान मात्र नवंकोरं होऊन निघत राहिलं. आता गेली काही दशकं युरोपातले काही वादक आतड्याच्या तारा लावून, जुन्या धर्तीचा गज घेऊन हे सोनाटा वाजवतात आणि संथ भागांत स्वतःचं भरतात. मी मिळतील तेवढी ध्वनिमुद्रणं लावून ऐकते. कुणी रोजेची छापील सजावट जशीच्या तशी घेतो, आणि ते सुंदर असलं तरी दुसऱ्यांदा ऐकताना मी पुढचं आधीच गुणगुणत असते. कुणी फारच भरतो, नॉर्थला चीड आली असती इतकं. पण एक-दोघं असे आहेत की त्यांचा तोच अदाजिओ दोन मैफलींत दोन तऱ्हेचा होतो, मधे कुठं हात अडखळतो, कधी तान नेमक्या जागी उतरत नाही आणि ते तशीच ती सोडून पुढं जातात. मी त्यांच्या बाजूची आहे. तो अडखळलेला हातही मला ऐकायचा आहे.